मोफत अ‍ॅपवर किमतीची पाटी कशी लावायची? पहिल्यांदा अ‍ॅप टाकणाऱ्यांसाठी

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घालून परतणाऱ्या माणसाच्या खिशात काटापट्टी असते. त्या पट्टीवरचा हिशोब घरी बसून पडताळता यावा म्हणून मी एक छोटं अ‍ॅप केलं. वजन टाकायचं, भाव टाकायचा, हमाली-तोलाई टाकायची, की हातात किती पडायला हवेत ते खाली येतं. १२ क्विंटल ४० किलो, भाव ४,३५०, तर कपातीआधी ५३,९४० रुपये. एवढंच त्याचं काम. पैसे घ्यायचे नव्हते, जाहिराती दाखवायच्या नव्हत्या. स्टोअरवर टाकलं आणि शेजारच्या तात्यांच्या फोनवर उघडून त्यांच्या हातात दिलं.

तात्यांचं बोट हिरव्या बटणाच्या वर येऊन थांबलं. "हे दाबल्यावर पैशे कटतेत का रं बाळा?"

बटणावर "इंस्टॉल करा" असं होतं. किंमत कुठंच नव्हती. ज्यानं शंभर अ‍ॅप घेतली आहेत त्याला कळतं, किंमत दिसत नाही म्हणजे मोफत. तात्यांचा अनुभव मोंढ्यातला. भाव बोलल्याशिवाय माल काट्यावर न्यायचा नाही, हे ते चाळीस वर्षं पाळत आलेत. किंमत लिहिलेली नाही याचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की ती नंतर सांगणार आहेत. त्यांचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

त्या दिवसापासून किमतीच्या पाटीकडं मी लक्ष द्यायला लागलो. शून्य ही सुद्धा किंमत आहे, आणि तीही सांगावी लागते. स्टोअर काय सांगतं, आपण काय सांगायचं आणि कुठं सांगायचं नाही, यात माझे बरेच दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून क्रमानं लिहितो. मी गूगल प्ले धरून लिहितोय, कारण आपल्याकडं बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच आहे. बाकी दुकानांचं पुढं येईलच.

१. आधी ठरवा, तुमचं अ‍ॅप कोणत्या अर्थानं मोफत आहे

इंग्रजीत "फ्री" या एका शब्दावर सगळं भागतं. मराठीत आपल्याकडं चार शब्द आहेत आणि चारही वेगळे आहेत. "फुकट" म्हणजे पैसे न देता मिळालं, पण त्यात थोडा हलकेपणा आहे. फुकटचं म्हटलं की माणूस त्याची किंमत करत नाही. "विनामूल्य" सरकारी फलकावरचा शब्द, अर्थ बरोबर, पण लांब. "मोफत" रोजचा, छोटा, स्वच्छ. आणि "मुक्त" ही वेगळीच गोष्ट आहे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ मजकूर, पाहता येतो, बदलता येतो, पुढं वाटता येतो. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायलाही जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसिद्ध परवाना मोकळीक देतो. उलट मोफत मिळणारी कितीतरी अ‍ॅप मुक्त नसतात.

आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. अ‍ॅप घेताना पैसे नाहीत, पण आत जाहिराती आहेत का? आत काही विकत घ्यायचं आहे का? सात दिवस मोफत आणि आठव्या दिवसापासून वर्गणी, असं आहे का? शेवटचा प्रकार असेल तर त्याला मोफत म्हणू नका. "सात दिवस वापरून बघा" म्हणा. आत जाहिराती असणं वाईट नाही, आत विक्री असणंही वाईट नाही. ते आधी सांगितलेलं नसलं तर मात्र माणूस फसवला गेल्यासारखा उठतो, आणि पुन्हा तुमच्या दारात येत नाही.

हे कागदावर एका ओळीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीत लागेल.

२. काय काय हाताशी लागेल

एक गूगल खातं. त्यावरून प्ले कन्सोलवर, म्हणजे अ‍ॅप करणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या संकेतस्थळावर, नोंदणी करायची. नोंदणीची फी २५ डॉलर, ती एकदाच भरायची असते. ती कार्डानं भरायची, तर कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा. नव्या कार्डांवर ते बंदच येतात. माझं दोनदा नाकारलं गेलं ते याच कारणानं.

सरकारी ओळखपत्र लागतं, आणि त्यावरचं नाव खात्यावरच्या नावाशी जुळायला हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि खात्यावर नाही, असं आपल्याकडं सर्रास असतं. आधी एकसारखं करून घ्या. संस्थेच्या नावानं खातं काढणार असाल तर डी-यू-एन-एस क्रमांक लागतो. हा संस्थांना डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी देते तो ओळख क्रमांक, त्याला वेळ धरा.

गोपनीयता धोरणाचं एक पान इंटरनेटवर हवं. अ‍ॅप काहीच माहिती गोळा करत नसलं तरी हवं. चित्रांमध्ये ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा आयकॉन, १०२४ बाय ५०० चं वरचं मोठं चित्र आणि निदान दोन स्क्रीनशॉट.

आणि बारा माणसं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते, म्हणजे आपण निवडलेल्या माणसांनाच ते आधी वापरायला द्यायचं. किमान १२ जण सलग १४ दिवस त्यात राहिले पाहिजेत. बहीण, मेहुणे, मित्र आणि कॉलेजचे दोन सर मिळून माझे तेरा झाले होते. एक जण मधेच बाहेर पडला तरी चाललं. नेमके बाराच घेऊ नका.

३. किमतीचा खरा निर्णय एका छोट्या गोल टिकलीत असतो

प्ले कन्सोलमध्ये नवं अ‍ॅप तयार करताना नाव, भाषा, अ‍ॅप की गेम, आणि मग मोफत की सशुल्क असं विचारतात. दोन पर्याय, समोर गोल टिकल्या. इतकं साधं दिसतं की माणूस बघतही नाही.

इथं थांबा. अ‍ॅप एकदा मोफत म्हणून प्रसिद्ध झालं की ते पुन्हा सशुल्क करता येत नाही. सशुल्काचं मोफत होतं, मोफतचं सशुल्क होत नाही. विचार बदलला तर नव्या पॅकेज नावानं (स्टोअर अ‍ॅपला ज्या नावानं आतून ओळखतं ते) वेगळं अ‍ॅप काढावं लागतं, आणि जुन्या अ‍ॅपचे डाउनलोड, तारे, अभिप्राय सगळे मागं राहतात. म्हणून "आधी दोन महिने मोफत ठेवू, लोक जमले की पन्नास रुपये लावू" हा बेत इथं चालत नाही. अ‍ॅप मोफत ठेवून आत एखादी जास्तीची सोय विकता येते, पण मग पाटी बदलते. ते पुढच्या पायरीत.

ज्यांना किंमत लावायचीच आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. बंद चाचणीतल्या माणसांनाही सशुल्क अ‍ॅप विकतच घ्यावं लागतं. अंतर्गत चाचणी, म्हणजे त्याही आधीची मोजक्या माणसांची चाचणी, तिच्यात तसं नाही, तिथं ते पैसे न देता घेता येतं.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. वैयक्तिक खात्यावर तुमचं कायदेशीर नाव, देश आणि ईमेल स्टोअरवर दिसतो. पण त्या खात्यातून पैसे कमवायला लागलात की पूर्ण पत्ता दिसतो. घरून काम करणाऱ्या मुलींनी हे मोफत-सशुल्क ठरवायच्या आधी नक्की लक्षात घ्यावं.

४. स्टोअर स्वतः जी पाटी लावतं, तिच्यासाठी खरी माहिती भरा

मोफत अ‍ॅपच्या बटणावर किंमत येत नाही, सशुल्क अ‍ॅपच्या बटणावर रुपयांत आकडा येतो. ते आपल्या हातात नाही. पण अ‍ॅपच्या नावाखाली बारीक अक्षरात दोन ओळी येऊ शकतात. एक जाहिराती आहेत असं सांगणारी, दुसरी अ‍ॅपमध्ये खरेदी आहे असं सांगणारी. खरी किंमत या दोन ओळींत असते, आणि लोक नेमक्या त्याच वाचत नाहीत.

जाहिरातींची ओळ तुमच्या उत्तरावर अवलंबून असते. कन्सोलच्या "अ‍ॅप कंटेंट" भागात जाहिराती आहेत का, असा थेट प्रश्न आहे. तुम्ही स्वतः जाहिरात लावली नसेल, पण दुसऱ्याची एखादी तयार लायब्ररी (आयता कोड) वापरली असेल आणि ती जाहिरात दाखवत असेल, तरी उत्तर "हो" असंच. खोटं उत्तर दिलं तर अ‍ॅप काढून टाकलं जाऊ शकतं.

खरेदीची ओळ तुम्ही आत विकायच्या वस्तू बनवल्या की आपोआप लागते, आणि "या अ‍ॅपविषयी" मध्ये सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सगळ्यात महाग वस्तूपर्यंतच्या किमती दिसतात. अ‍ॅप उतरवायच्या आधी तो पल्ला बघायची सवय घरच्यांनाही लावा. लहान मुलांच्या गेममध्ये तो कुठंपर्यंत जातो ते पाहिलं की डोळे उघडतात.

या ओळी उगाच आलेल्या नाहीत. २०१४ मध्ये युरोपीय आयोगानं हा प्रश्न उचलला होता. गेम "फ्री" म्हणून घ्यायचा आणि आत पोरानं बटणं दाबत राहायची, बिल आई-बापाला. गूगलनं तिथं आत खरेदी असलेल्या गेमना "फ्री" म्हणणं सोडायचं मान्य केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलनं आपल्या स्टोअरच्या बटणावरचा "फ्री" शब्द काढून "गेट" केला. म्हणजे बटणावरून किंमत गेली ती लोकांना फसवू नये म्हणून. आणि तात्यांच्या हातात फोन गेला तेव्हा त्याच कोऱ्या बटणानं त्यांना घाबरवलं. दोन्ही खरं आहे.

५. "मोफत" हा शब्द कुठं लिहायचा आणि कुठं नाही

पहिल्या उत्साहात मी आयकॉनच्या कोपऱ्यात लाल पट्टी काढून त्यात "मोफत" लिहिलं होतं. ते काढा. अ‍ॅपचं नाव, आयकॉन आणि डेव्हलपरचं नाव या तीन जागी किंमत किंवा सवलतीचा मजकूर चालत नाही. छोट्या वर्णनातही, जे ८० अक्षरांचं असतं, मी तो टाळतो. तिथं अ‍ॅप काय करतं तेच सांगावं.

नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत ती लवकर भरते, कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "काटापट्टी" डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, मोजणीत नऊ होतात. "मोंढ्याची काटापट्टी" लिहिलं की मधल्या जागेसकट एकोणीस.

मोफत असल्याचं सांगायची हक्काची जागा म्हणजे मोठं वर्णन. ४,००० अक्षरं मिळतात, पण लोक पहिल्या दोन-तीन ओळीच वाचतात. माझ्या पहिल्या ओळी अशा आहेत:

"हे अ‍ॅप घ्यायला आणि वापरायला पैसे लागत नाहीत. आत काही विकत घ्यावं लागत नाही. जाहिराती नाहीत. उतरवताना इंटरनेटचा डेटा लागतो, नंतर इंटरनेट नसलं तरी चालतं."

चौथं वाक्य तात्यांमुळं आलं. "पैशे कटतेत का" या प्रश्नात त्यांच्या मनात बँक खातं होतं तसा रोजचा दीड जीबीही होता. मोफत म्हणताना डेटा विसरू नका. अ‍ॅप मोठं असेल तर किती एमबी ते सांगा.

हे मराठीतच लिहा, आणि स्टोअर लिस्टिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या पानाचा मजकूर भरायच्या जागी, मराठी भाषा वेगळी जोडून तिथं भरा. इंग्रजी मजकूर भरून काम झालं असं समजू नका. "नो हिडन चार्जेस"चं शब्दशः "लपलेले शुल्क नाही" करण्यापेक्षा "नंतर पैसे मागत नाही" लिहा. बोलतो तसं लिहिलं की विश्वास बसतो.

६. स्वतःची यादी किंवा स्वतःचं छोटं स्टोअर करत असाल तर

ही पायरी सगळ्यांना लागणार नाही. पण कॉलेजच्या लॅबसाठी, एखाद्या अभ्यासिकेसाठी किंवा शेतकरी गटाच्या टॅबलेटसाठी अ‍ॅपची यादी बनवणारे बरेच जण आहेत, आणि माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली.

एका संगणक वर्गासाठी मी चाळीसेक सॉफ्टवेअरची यादी केली. किमतीच्या रकान्यात आकडा असेल तर दाखव, शून्य असेल तर "मोफत" लिही, असा साधा कोड. ज्यांची किंमत भरायची राहिली होती त्यांचा रकाना रिकामा होता. कोडनं रिकाम्याला शून्य धरलं. अकरा सशुल्क सॉफ्टवेअरवर "मोफत" अशी हिरवी पाटी लागली, आणि मुलं घरी जाऊन ती शोधत बसली. एका मुलीनं अशाच एका सॉफ्टवेअरची फोडलेली प्रत कुठूनतरी उतरवून घेतली, आणि तिच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला. "सर, यादीत मोफतच होतं की," असं ती म्हणाली तेव्हा मला उत्तर नव्हतं.

म्हणून: शून्य आणि रिकामं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत खरोखर शून्य आहे असं कुणीतरी बघून भरलं असेल तरच "मोफत". रिकामं असेल तर "किंमत भरलेली नाही" असं लिहा, किंवा ते सॉफ्टवेअर यादीत दाखवूच नका.

पाटीवर "₹०" लिहू नका. ते सवलतीसारखं किंवा संपलेल्या बॅलन्ससारखं दिसतं. संगणकाला मराठी पद्धतीनं रक्कम मांडायला सांगितलं तर तो "₹०.००" असं देतो; हिशोबाच्या पावतीत ते शोभतं, दुकानाच्या फळीवर नाही. शून्य आलं की आकडा न मांडता सरळ शब्द दाखवा.

पाटी आणि बटण वेगळं ठेवा. बटण काय होणार ते सांगतं, पाटी किती पडणार ते सांगते. उबुंटू या लिनक्सवरच्या संगणक प्रणालीच्या जुन्या सॉफ्टवेअर सेंटरमध्ये २०१० पासून सशुल्क अ‍ॅपही आली, तेव्हा एका बाजूला "फ्री" आणि दुसऱ्या बाजूला "इन्स्टॉल"चं बटण अशी मांडणी असायची. मला ती अजून आवडते. आणि अ‍ॅप उतरवून झालं की किमतीची पाटी काढून टाका. बटणावर "उघडा" आलं असताना शेजारी "मोफत" असण्यात अर्थ नाही.

फक्त हिरव्या रंगावर विसंबू नका. रंग न ओळखणारी माणसं असतात, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी फोन पडदा वाचून दाखवतो. नाव, किंमत, बटण या क्रमानं तो वाचेल असं बघा.

भाषांतर करणाऱ्यांसाठी खास. स्टोअरचा इंटरफेस मराठीत आणताना "फ्री" हा शब्द तीन जागी येतो: किंमत म्हणून, परवाना म्हणून, आणि डिस्कवर किती जागा उरली ते सांगताना. पहिला मोफत, दुसरा मुक्त, तिसरा मोकळी किंवा शिल्लक. एकाच वेळी सगळे बदलले तर "१२ जीबी मोफत" असं काहीतरी पडद्यावर येतं. प्रत्येक ओळ कुठं दिसते ते बघूनच भाषांतर भरा.

७. दुसऱ्या दुकानांत गेलात तर

एफ-ड्रॉइड या अँड्रॉइड अ‍ॅपच्या दुकानात किमतीची पाटीच नाही, कारण तिथं सगळं मुक्त सॉफ्टवेअर आणि तेही पैसे न घेता. त्याऐवजी अ‍ॅपमध्ये जाहिराती, पाळत किंवा बंदिस्त सेवेवर अवलंबून असणं, असं काही खटकणारं असेल तर ते स्पष्ट लिहिलेलं असतं. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. एलिमेंटरी ओएस या लिनक्सवरच्याच दुसऱ्या प्रणालीच्या अ‍ॅपसेंटरमध्ये अ‍ॅप करणारा रक्कम सुचवतो आणि घेणारा स्वतःच्या मनानं देतो, शून्यही चालतं. तिथं आकडा दिसला म्हणून परत फिरू नका.

८. शेवटी दुसऱ्याच्या फोनवर बघा

तुमच्या फोनवर अ‍ॅप आधीच आहे, त्यामुळं तुम्हाला "उघडा" दिसणार. पाटी तपासायची तर ज्यानं अ‍ॅप कधी घेतलंच नाही त्याचा फोन हवा, आणि फोनची भाषा मराठी हवी. त्याला काही सांगू नका. फक्त विचारा, "याला पैसे लागतील असं वाटतंय का?" आणि बोट कुठं थांबतं ते बघा.

एक अडचण स्टोअरच्या बाहेरची आहे. आपल्याकडं गावोगावी मल्टी सर्व्हिसेसची दुकानं अ‍ॅप टाकून देतात आणि वीस-तीस रुपये घेतात. कष्टाचे पैसे घेण्यात चूक नाही. पण माणसाला वाटतं ते पैसे अ‍ॅपचे आहेत, आणि पुढच्या वेळी अ‍ॅप अपडेट करायलाही तो तिथंच जातो. म्हणून मी अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर एक ओळ दाखवतो: "या अ‍ॅपचे पैसे कुणालाही द्यायचे नाहीत. अपडेटही मोफत आहे."

तरीही अभिप्रायात कुणीतरी विचारेलच, पैसे लागतात का. उत्तराला ३५० अक्षरं मिळतात. तयार मजकूर चिकटवू नका, त्याच्या नावानं उत्तर द्या. मी असं लिहितो: "नमस्कार काका, पैसे लागत नाहीत. आजही नाही, नंतरही नाही. कुणी मागितले तर देऊ नका आणि मला इथंच कळवा. काटापट्टीवरचं वजन किलोमध्ये टाका, क्विंटल अ‍ॅप स्वतः करतं."